कोरलईचा एक दिवस

ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत आपल्या धर्मग्रामाची हकीगत, देवळाच्या बांधणीचा वृत्तांत व आजपर्यंत सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें वाचकांस अन्यत्र वाचावयास सांपडतीलच. त्यांची पुनरुक्ति न करितां मी वाचकांस एका दिवसापुरतें समुद्रकांठीं घेऊन जाणार आहें.

सारोळ्याच्या माणसाला समुद्राशीं काय करावयाचें आहे, असें कोणी विचारील. आपण नीरेच्या कांठचे लोक. आपल्या शिवारांत पडलेला पाऊस नीरेंतून भीमेस, भीमेंतून कृष्णेस मिळतो आणि शेंकडों कोस दूर पूर्वसमुद्रास जातो. पश्चिमेचा समुद्र त्या मानानें जवळ. पण मध्यें सह्याद्रि आडवा. तथापि महाराष्ट्रांतील कॅथॉलिक समाजाच्या इतिहासाचीं पहिलीं पानें त्या किनाऱ्यावरच लिहिलीं गेलीं, आणि त्यांतील एक पान अजूनहि वाचतां येतें. किंबहुना तें कानांनीं ऐकतां येतें. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यांत कोरलई नांवाचें एक गांव आहे. गांव लहान, नकाशांत शोधावें लागतें. परंतु तेथील ख्रिस्ती वाड्यांत एक अशी भाषा रोज चुलीपाशीं बोलली जाते, कीं जी त्या वाड्याबाहेर पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्या कोठल्याहि गांवाची भाषा नाहीं.

या भाषेला राजा नाहीं, दरबार नाहीं, शाळा नाहीं. मग ती तीन-चार शतकें टिकली कशी? या एका प्रश्नासाठीं कोरलईला जावें असें मला वाटतें. ज्युबिली साजरी करणाऱ्या समाजाला त्याच्या उत्तराचा उपयोग आहे.

वाट

सारोळ्याहून भोर, भोराहून वरंध घाटानें महाड, आणि तेथून माणगांव, कोलाड, रोहें करीत साळाव, अशी एक वाट आहे. पावसाळ्यांत वरंध घाट पुष्कळदां बंद असतो; तेव्हां पुण्याकडून वळसा घालून मुळशीवरून ताम्हिणी घाटानें कोंकणांत उतरावें. पहाटे तीनच्या सुमारास निघालेली मंडळी नऊ-दहा वाजेपर्यंत खाडीच्या तोंडाशीं पोंचते. दिवाळीनंतरचे दिवस यास उत्तम. भाकरी, चटणी व पाणी बरोबर असावें. मात्र घाई घरीं ठेवून यावी, कारण घाईनें पाहण्याचें हें स्थळ नव्हे.

ताम्हिणीच्या वाटेनें जाणाऱ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मुळशीच्या धरणांत अडविलेलें पाणी १९२७ पासून डोंगराच्या पोटांतून खालीं भिरा येथील वीजघरांत सोडलें जात आहे. तेथून तें कुंडलिका नदीस मिळतें, आणि कुंडलिका रेवदंडा व कोरलई यांच्यामधून समुद्रांत शिरते. या धरणापायीं ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्या मावळांतील शेतकऱ्यांनीं सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं १९२१ पासून सत्याग्रह केला होता. नीरा पूर्वेस वाहत असली, तरी आपल्या पुणें जिल्ह्याचें थोडें पाणी अशा रीतीनें कोरलईच्या डोंगराचे पाय धूत असतें. तेव्हां आपण अगदींच परक्या मुलखांत आलों असें समजण्याचें कारण नाहीं.

चौल आणि रेवदंडा

कोरलई समजण्यासाठीं प्रथम पूल ओलांडून खाडीच्या उत्तरेस जावें. तेथें रेवदंडा व त्याला लागून चौल. आज हीं दोन्हीं नारळी-पोफळीच्या वाड्यांत झांकलेलीं शांत गांवें आहेत. विहिरी, पाण्याचे पाट, गर्द सांवली आणि पानांतून येणारा समुद्राचा घोष यांखेरीज सकाळच्या वेळीं तेथें फारसें कांहीं ऐकूं येत नाहीं. परंतु हें चौल म्हणजे ग्रीक भूगोलकारांचें सिमिल्ला आणि अरब प्रवाशांचें सैमूर. दहाव्या शतकांत अल्-मसूदी येथें येऊन गेला. पंधराव्या शतकांत रशियन व्यापारी अफनासी निकितिन हा हिंदुस्थानच्या भूमीवर प्रथम उतरला तो याच बंदरांत. इराण-अरबस्तानचे घोडे येथें उतरत आणि दख्खनचें कापड येथून परदेशीं जाई.

पोर्तुगीज लोक येथें आले ते या व्यापारासाठीं. १५०८ सालीं याच बंदराच्या पाण्यांत इजिप्तच्या सुलतानाच्या आरमाराशीं त्यांची मोठी लढाई झाली, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयाचा मुलगा लॉरेन्सु द आल्मैद तींत पडला. पुढें १५२१ सालीं अहमदनगरच्या निजामशहाकडून त्यांनीं येथें किल्ला बांधण्याची परवानगी मिळविली, आणि समुद्रालगतच्या खालच्या चौलांत, म्हणजे आजच्या रेवदंड्यांत, त्यांचें तटबंदीचें शहर उभें राहिलें. १५७०-७१ मध्यें मुर्तजा निजामशहानें त्यास प्रचंड वेढा दिला. पण शहर पडलें नाहीं. आज त्या तटाचे तुकडे वाड्यांच्या कुंपणांतून डोकें वर काढतात. भिंतीवर वडाच्या मुळ्या चढल्या आहेत. फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या देवळाचा एक मनोरा मात्र अद्याप उभा आहे. लोक त्याला सातखणी म्हणतात. सात खण आतां उरलेले नाहींत, पण नांवानें ते मोजून ठेविले आहेत. संत फ्रान्सिस झेवियर यांनीं ज्या लहानशा देवळांत उपदेश केला असें परंपरा सांगते, त्याचे अवशेषहि रेवदंड्यांतच आहेत. मुंबईचे गोमंतकीय डॉक्टर जर्सन द कुन्य यांनीं १८७६ सालीं चौल व वसई यांच्या प्राचीन अवशेषांवर ग्रंथ लिहिला. ज्यांस अधिक जाणून घ्यावयाचें असेल त्यांनीं तो मिळवून अवश्य वाचावा.

रेवदंडा सोडण्यापूर्वीं बेने इस्राएल लोकांचें प्रार्थनामंदिर पाहण्यास विसरूं नये. हे यहुदी लोक कोंकणांत कित्येक शतकें राहिले. तेलाचा घाणा चालविणें हा त्यांचा धंदा. शब्बाथ पाळण्यासाठीं शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. धर्म त्यांचा मोशेचा, पण घरची भाषा मराठी. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबें हळूहळू इस्राएल देशास गेलीं. तेथेंहि त्यांनीं ‘मायबोली’ या नांवाचें मराठी नियतकालिक चालविलें. खाडीच्या एका तीरावर मराठी बोलणारे यहुदी, आणि दुसऱ्या तीरावर पोर्तुगीज शब्दांची बोली बोलणारे आपले ख्रिस्ती बंधू! बंदर नाहींसें होतें, जकात बंद होते, पण बंदरानें आणलेलीं माणसें अशीं राहून जातात.

ख्रिस्ती वाडा

आतां पूल ओलांडून पुन्हां साळावास यावें आणि मुरूडच्या रस्त्यानें थोडें पुढें जावें. समुद्रांत घुसलेला एक लांबट डोंगर उजवीकडे दिसूं लागतो. हाच कोरलईचा डोंगर. पोर्तुगीज त्याला मोर्रो म्हणत. गांव त्याच्या पायथ्याशीं आहे. प्रथम कोळी लोकांची वस्ती लागते: ओढून ठेवलेल्या होड्या, दोरीवर वाळत घातलेले बोंबील, जाळीं दुरुस्त करीत बसलेले म्हातारे. नवख्या देशावरच्या माणसाला वास थोडा जड जातो. पण दहा मिनिटांत नाकाला संवय होते. पुढें ख्रिस्ती वाडा. दाटीनें बांधलेलीं घरें, अरुंद गल्ल्या, क्रूस, आणि वाड्याच्या मध्यवर्ती जीवनाचें ठिकाण म्हणजे कार्मेल डोंगराच्या मातेचें देऊळ. प्रथम तेथें जाऊन एक जपमाळ म्हणावी, आणि मग वाड्यांतून सावकाश फिरावें.

फिरतांना कान उघडे ठेवावे. आपल्याशीं बोलतांना हे लोक मराठीच बोलतात, आणि चांगली बोलतात. परंतु आई मुलाला हांक मारते, शेजारीण शेजारणीला कांहीं विचारते, तेव्हां जें ऐकूं येतें तें मराठी नव्हे. ते स्वतः तिला ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, असें म्हणतात. विद्वान् लोक तिला कोरलईची क्रिओल पोर्तुगीज म्हणतात. ती बोलणारे आज सुमारें एक हजार आहेत.

ही भाषा जन्मास कशी आली हें समजण्यास कठीण नाहीं. किल्ल्यांत पोर्तुगीज शिपाई व खलाशी होते. त्यांनीं केलेल्या देशी बायका होत्या. आफ्रिकेंतून आणलेले गुलाम होते. आणि नव्यानें बाप्तिस्मा घेतलेले गांवचे गरीब लोक होते. या सर्वांना एकमेकांशीं बोलणें भाग होतें. धन्याचे शब्द कानांवर पडत, पण त्याचें व्याकरण शिकविण्यास कोणी बसलें नव्हतें. शब्द झिजले, त्यांचे शेवटचे स्वर गळाले, क्रियापदांच्या अवघड रूपांना सोडचिठ्ठी मिळाली. त्या तोडक्यामोडक्या बोलण्यांत मुलें वाढलीं, आणि मुलांनीं त्याची पूर्ण भाषा केली.

पुढें मराठीनें तिच्यावर आपला हात फिरविला. पोर्तुगीज भाषेंत क्रियापद मध्यें येतें. ‘मीं खाल्ला भात’ अशी तिची मांडणी. कोरलईच्या बोलींत शब्द पोर्तुगीज असले तरी क्रियापद पुष्कळदां मराठीप्रमाणें शेवटीं जातें. ‘मीं भात खाल्ला’. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनीं या वाड्यांत राहून अभ्यास केला आणि १९९६ सालीं या बोलीवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला; त्यांत हा फरक कसकसा घडत गेला हें दाखविलें आहे. विटा लिस्बनच्या, परंतु गंवडी कोंकणचा, असें हें घर आहे.

या गोष्टीचें आश्चर्य करण्यापूर्वीं आपल्या स्वतःच्या बोलण्याकडे पाहावें. आपण पाव खातों, बटाट्याची भाजी करितों, चावीनें कुलूप उघडतों, बादलींत पाणी भरतों, घमेल्यानें माती वाहतों, महिन्याचा पगार घेतों, आणि डिसेंबरांत नाताळ साजरा करितों. हे सारे शब्द पोर्तुगीजांनीं आणलेले. पाद्री हा शब्दहि त्यांचाच. असल्या शब्दांचा आशियांतील भाषांमधून शोध घेणारे विद्वान् मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फु दालगादु हे गोमंतकांतील एक कॅथॉलिक धर्मगुरुच होते. वसई, मुंबई, चौल या बाजूच्या ख्रिस्ती लोकांच्या पोर्तुगीज बोलीवर त्यांनीं १९०६ सालीं ग्रंथ लिहिला, आणि आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ सालीं निघाला. धर्मगुरूनें लोकांचे साधे शब्द गोळा करण्यांत आयुष्य घालवावें, ही गोष्ट मला स्वतःला फार मोलाची वाटते.

डोंगरावर

ऊन कललें कीं किल्ला चढावा. दीपगृहाजवळून वाट जाते. सावकाश चाललें तरी अर्ध्या तासांत माथा गांठतां येतो. किल्ला लांबीच्या मानानें अतिशय अरुंद आहे. डोंगराची धार आणि तिच्यावर तट, एवढेंच त्याचें रूप. एकामागून एक दरवाजे, पाण्याचें टांकें, गंजलेल्या तोफा, आणि छप्पर उडालेलें एक देऊळ. त्या देवळाच्या भिंतींत उभें राहून पाहिलें असतां एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस खाडी आणि तिच्यापलीकडे रेवदंड्याच्या माडांचा हिरवा पट्टा दिसतो.

हा डोंगर मूळ पोर्तुगीजांचा नव्हता. रेवदंड्याच्या शहरावर तोफा रोखण्यासाठीं निजामशाहीनें तो बळकट केला होता. १५९४ सालीं पोर्तुगीजांनीं हल्ला करून तो घेतला. दरवाजा लावून घेण्याची गडबड चालली असतां एक जखमी हत्ती नेमका दरवाजांत कोसळला, त्यामुळें दार मिटेना, आणि हल्ला करणारे आंत शिरले, असें पोर्तुगीज वृत्तांतकार सांगतात. त्या दिवशीं झालेली कत्तलहि मोठी होती. किल्ल्यावर देऊळ बांधलें गेलें तें त्यानंतर. देवळाच्या भिंती पाहून आपणांस आनंद होणें साहजिक आहे. पण त्या कोणत्या दिवसानंतर उभ्या राहिल्या हेंहि आपण लपवूं नये. तलवारीनें घेतलेली जागा तलवारीनेंच गेली.

ती गेली मराठ्यांकडे. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. त्याच मोहिमेंत सुभानराव माणकर यांस कोरलईवर पाठविण्यांत आलें होतें. वसई पडल्यावर उत्तरेकडील पोर्तुगीज सत्तेचा कणा मोडला, आणि १७४० च्या तहानें चौल व कोरलई मराठ्यांच्या ताब्यांत आलीं. संत फ्रान्सिस झेवियर यांचें नांव असलेल्या बुरुजाला गणेश बुरूज असें नांव मिळालें.

भिंतीच्या दोन बाजू

येथें थोडें थांबून विचार करावा. या मोहिमा ज्या मुलखांतून निघाल्या तो आपला मुलूख. पुणें, भोर, मावळ, शिरवळ, वाई येथील घराघरांतून माणसें या लढायांस गेलीं. त्यांच्या वंशजांत आज आपणहि आहों, कारण आपण कोणी बाहेरून आलेलों नाहीं. दुसऱ्या बाजूस, तटाच्या आंत, भेदरून जपमाळ म्हणणाऱ्या बाया होत्या. आणि श्रद्धेच्या नात्यानें त्याहि आपल्याच. भिंतीच्या दोन्हीं बाजूंना आपलीं माणसें होतीं. मराठी ख्रिस्ती माणसाला हा इतिहास एकाच बाजूनें वाचतां येत नाहीं. आणि तसा वाचण्याचा आग्रह कोणीं धरला, तर त्याला शांतपणें एवढेंच सांगावें.

याची एक साक्ष आपल्याच आसपास आहे. सारोळ्याचा पूल ओलांडून शिरवळावरून वाईस जावें. वाईजवळ कृष्णाकांठीं मेणवली येथें नाना फडणिसांनीं बांधलेला घाट आहे. तेथील लहानशा घुमटीखालीं एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृति आणि १७०७ हें साल ओतलेलें आहे. वसईच्या विजयानंतर ती घाटावर आली, असें सांगतात. आपल्यापैकीं पुष्कळांनीं ती पाहिली असेल. कोणी तिच्याकडे पाहून उसासा टाकतो, कोणी छाती फुगवितो. मला वाटतें, दोन्हींहि गोष्टी कराव्याशा वाटल्या तरी करूं नयेत. आज जवळजवळ तीनशें वर्षें झालीं, परक्या हातांनीं त्या मूर्तीची जपणूक केली आहे. कोणी ती वितळविली नाहीं, मरियेचा चेहरा कोणी घांसून टाकला नाहीं. हें शेजाऱ्यांचें ऋण आपण ओळखलें पाहिजे.

कोण राहिलें?

१७४० नंतर काय झालें? ज्यांच्या गांठीं पैसा होता, ज्यांचे नातेवाईक गोव्यांत होते, ते निघून गेले. अधिकारी गेले, सावकार गेले, मठ ओस पडले. ज्यांना जातां आलें नाहीं ते राहिले: शेतमजूर, कुळें, पूर्वीं किल्ल्याची हलकीं कामें करणारे लोक. ते डोंगराच्या पायथ्याशीं गोळा झाले. हिंदु शेजाऱ्यांशीं त्यांचा बेटीव्यवहार होण्यासारखा नव्हता. वरच्या जातीचे म्हणविणारे ख्रिस्ती लोकहि त्यांच्याशीं सोयरीक करीत नसत. ही शेवटची गोष्ट लिहितांना लाज वाटते, पण ती सोडून पुढें जाणें बरें नव्हे. असें सर्व बाजूंनीं एकटें पडल्यामुळें त्यांचीं लग्नें वाड्यांतल्या वाड्यांत होत गेलीं, आणि वाड्याची बोली वाड्यांतच राहिली. देवळांत येणारे धर्मगुरु पोर्तुगीज जाणणारे असत. त्यांच्या प्रार्थनांचा आधारहि तिला मिळत गेला.

म्हणजे आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर असें आहे. ही भाषा राजानें टिकविली नाहीं. राजा निघून गेला. ती ग्रंथानें टिकविली नाहीं. तींत लिहिणारें कोणी नव्हतें. ज्यांना कोणीं विचारीत नव्हतें अशा गरीब आयांनीं ती मुलाच्या कानांत घातली, आणि त्या मुलांनीं आपल्या मुलांच्या. तटबंदी पडली, पण चूल विझली नाहीं.

परंतु हा लेख येथें संपवितां येत नाहीं, कारण ती चूलहि आतां मंद होत आहे. दुसरी व्हॅटिकन धर्मसभा १९६२ पासून १९६५ पर्यंत भरली आणि तिच्यानंतर उपासना लोकांच्या भाषेंत होऊं लागली. कोरलईच्या देवळांत पोर्तुगीज प्रार्थनांच्या जागीं मराठी आली. शाळा मराठींत, बाजार मराठींत, कचेरी मराठींत. आतां तरुण मुलें पोटासाठीं मुंबईस जातात, कांहीं परदेशीं जातात. मराठी देवळांत आली याबद्दल मला दुःख नाहीं. तें माझ्या तोंडीं शोभणारहि नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ सालीं छापलें गेलें. तेव्हांपासून चारशें वर्षें आपली श्रद्धा मराठींत गात आली आहे. लोकांना समजणाऱ्या भाषेंत प्रभूचें वचन पोंचावें हें योग्यच झालें. तरी एका घरांत दिवा लावतांना दुसऱ्या घरांतील दिवा विझूं नये एवढी काळजी ज्यानें त्यानें घ्यावी लागते.

ती न घेतल्यास काय होतें हें दूर जाऊन पाहावयास नको. वसई-मुंबईकडील ज्या ख्रिस्ती बोलीचें वर्णन दालगादु यांनीं केलें, ती आतां तेथें कोणाच्या घरीं बोलली जात नाहीं. केरळांत कोचीनजवळच्या वैपीन बेटावर अशीच एक बोली होती. ती अस्खलित बोलणारा शेवटचा मनुष्य २०१० सालीं निवर्तला. दमण व दीव येथें तिच्या बहिणी अजून जिवंत आहेत. कोरलईची बोली तिच्या एक हजार माणसांच्या बळावर आज उभी आहे; उद्यांचें त्या घरांतील मुलांवर अवलंबून.

ज्युबिलीच्या निमित्तानें

कोरलईहून परततांना मनांत येणारी गोष्ट आपल्या स्वतःच्या घराविषयीं असते. आपल्या धर्मग्रामांतहि कांहीं गोष्टी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडीं उरल्या आहेत. जात्यावर दळतांना म्हटलेल्या येशूजन्माच्या ओंव्या, हळदीच्या वेळचीं गाणीं, उपासकाळांत घरोघर म्हटली जाणारी क्रूसाची वाट, आजारी माणसाच्या उशाशीं म्हणावयाची प्रार्थना. हीं कोणत्याहि पुस्तकांत नाहींत. आपलीं मुलें इंग्रजी शाळेंत जातात. तीं जावोत, त्यांचें कल्याण होवो. पण आजीच्या शेजारीं बसून तिची ओंवी ऐकण्याइतकी मराठी त्यांना आली पाहिजे, आणि आजीनेंहि ‘याला काय कळतें’ म्हणून गप्प बसतां कामा नये.

म्हणून माझी एक विनंति आहे. ज्युबिलीच्या या वर्षांत प्रत्येक कुटुंबानें आपल्या घरांतील सर्वांत वयोवृद्ध माणसाजवळ चार संध्याकाळीं बसावें. त्यांना जें येतें तें त्यांच्याच शब्दांत, न सुधारतां, वहींत उतरून घ्यावें. ज्यांच्याजवळ साधन असेल त्यांनीं त्यांचा आवाजहि टिपून ठेवावा. त्या वह्या देवळांत आणून द्याव्या. पुढची ज्युबिली येईल तेव्हां त्या वेळच्या लोकांना आमच्या भिंतींपेक्षां त्या वह्याच अधिक उपयोगीं पडतील.

आणि ज्यांना सवड असेल त्यांनीं हिंवाळ्यांत एक दिवस काढून कोरलईस अवश्य जावें. तेथील लोक म्हणजे पाहण्याची चीज नव्हेत, हें मात्र ध्यानांत असावें. कोणाला उभें करून ‘तुमची भाषा बोलून दाखवा’ असें म्हणूं नये. मिस्साला बसावें, ओट्यावर कोणी बोलाविलें तर बसून चहा घ्यावा, आपल्या नीरेकांठच्या चार गोष्टी सांगाव्या, त्यांच्या ऐकाव्या. सायंकाळीं होड्या परत येऊं लागल्या कीं किनाऱ्यावर थोडा वेळ काढावा, आणि अंधार पडण्यापूर्वीं परतीची गाडी धरावी, कारण घाट लांब आहे.

कार्मेल डोंगराची माता त्या वाड्याचें आणि आपल्या घरांचें रक्षण करो.